आमच्या वसाहतीतली फील्ड व्हिजिट

"तू इकडे नको बसूस. त्यांच्या बाजूला बस ना."

मॅडम हे इतक्या हळू म्हणाल्या की शेजारच्या सानिकालाही नीट ऐकू गेलं नसेल. समाजमंदिराच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडल्या होत्या. एका रांगेत आमचा एम.ए.चा वर्ग, मांडीवर वह्या घेऊन. दुसऱ्या रांगेत आमच्या वसाहतीतली माणसं, हात मांडीवर ठेवून. मी वर्गाच्या रांगेत वही उघडून बसले होते.

"आज तू विद्यार्थिनी नाहीस," मॅडम हसल्या. "आज तू आवाज आहेस."

सगळा वर्ग बघत होता. मी वही मिटली आणि पप्पांच्या शेजारी जाऊन बसले.

भोईवाड्याच्या मागे महापालिकेच्या सफाई कामगारांची वसाहत आहे. मी तिथे जन्मले. पप्पा झाडू खात्यात. वर्गात मी हे लपवलं नव्हतं आणि मिरवलंही नव्हतं. पण आमच्या पेपरचं नाव 'सांस्कृतिक विविधता आणि सामाजिक न्याय', आणि मॅडमना फील्ड व्हिजिटसाठी जागा हवी होती. "तुझ्याकडेच येऊ या का?" त्यांनी विचारलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. आमच्याकडे कोण येतं?

पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. "तुझ्या मॅडम येणार," असं म्हणत सकाळपासून घरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून घरात फेऱ्या मारत होते. आईने शेजारणीकडून चांगले कप मागून आणले होते.

आणि मॅडम आल्या त्या हात जोडून, मोठ्याने "जयभीम" म्हणत. मला तिथेच खटकलं. दोन वर्षं या बाई वर्गात शिरताना "गुड मॉर्निंग" म्हणतात. मलाही गुड मॉर्निंगच. आज आमच्या दारात पाय ठेवल्याबरोबर जयभीम कुठून आलं? पप्पा खूश झाले. मी नाही झाले. कोणी माझ्याशी नेहमीपेक्षा गोड बोलायला लागलं की मी आधी बघते, याला काय पाहिजे.

प्रश्न सुरू झाले. पाणी किती वाजता येतं. हातमोजे मिळतात का. नळावर भांडणं होतात का. माणसं उत्तरं देत होती, पोरं लिहीत होती. सानिका मोबाईलवर रेकॉर्ड करत होती. ही सानिका गिरगावची, दोन वर्षं माझ्या डब्यातलं सुकट खाणारी. माझ्याकडे बघत नव्हती.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या.

"वडील पुढच्या वर्षी रिटायर होतायत ना? वारसा हक्काने त्यांची नोकरी तू घेणार का? मोकळेपणाने सांग. इथे सगळे आपलेच आहेत."

हा वारसा हक्क काय आहे ते सांगते. पप्पांच्या जागी घरातल्या एकाने झाडू हातात घेतला तर आमची खोली राहते. नाही घेतला तर खोली सोडायची. खोली आमची नाही, कामाची आहे. आईपप्पांना मूल मी एकटीच. त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर होता आणि कोणी तो विचारत नव्हतं. पप्पा "त्या खोलीचं..." असं सुरू करायचे, आई "आधी जेवून घ्या" म्हणायची. पप्पांना मला विचारायचं नव्हतं आणि मला त्यांना नाही म्हणायचं नव्हतं. असे आम्ही तिघं एकमेकांना सांभाळत होतो.

आणि ते या बाईने भर हॉलमध्ये विचारलं. पप्पांसमोर. पप्पा माझ्याकडे बघत नव्हते, इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण चाचपत होते. समोर सगळी पेनं वहीवर टेकलेली.

मी म्हणाले, "सानिका, रेकॉर्डिंग बंद कर."

सानिकाने मॅडमकडे बघितलं. माझ्याकडे नाही. आवाज माझा, बाप माझा, आणि परवानगी मॅडमची.

"मॅडम," मी म्हणाले, "तुमच्या वडिलांना असं चारचौघांत बसवून कोणी विचारलं होतं का, तुमची मुलगी पुढे काय करणार म्हणून?"

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी कदाचित गप्प बसले असते. त्या वर्गाकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "हे लिहून घ्या. हा रागसुद्धा महत्त्वाचा आहे."

आणि पोरं लिहायला लागली.

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. मी हसले तरी ते लिहिणार, रडले तरी लिहिणार, शिव्या घातल्या तरी लिहिणार. या रांगेत बसून मी काहीही केलं तरी ते त्यांच्याच वहीत जाणार होतं. मी उठले, सानिकाच्या हातातून मोबाईल घेतला आणि रेकॉर्डिंग पुसून टाकलं. तिला मोबाईल परत दिला.

मॅडमचा चेहरा पहिल्यांदा उतरला. "हे एथिकल नाही," त्या म्हणाल्या.

चहा तसाच राहिला. संध्याकाळी पप्पांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि पाठमोरेच म्हणाले, "त्यांनी विचारलं ते... तू सांगितलं नाहीस काही."

"नाही घेणार, पप्पा."

"मग खोली जाईल."

"जाईल."

आई म्हणाली, "जायचं कुठं मग? लोक खोली देतात का आपल्याला?" हे बोलणं कधीतरी आमच्यात झालंच असतं. पण आमच्या वेळेने झालं असतं, आमच्या पद्धतीने. ते माझ्याकडून हिसकावून घेतलं, हे मी मॅडमना माफ करणार नाही.

आठवड्याने त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. पुन्हा तोच मऊ आवाज. "झालं ते झालं. डिझर्टेशन तुझ्या वस्तीवरच कर. तुला तिथे ॲक्सेस आहे. पुढे आपण मिळून एक रिसर्च पेपर छापू."

मिळून. या शब्दाकडे मी नीट बघितलं. दुखणं माझ्या घरचं आणि पेपरवर पहिलं नाव मॅडमचं.

"मी दादरच्या सोसायट्यांवर करणार," मी म्हणाले. "भाड्याने घर देताना आडनाव का विचारतात, यावर. सुरुवात तुमच्या बिल्डिंगपासून."

मॅडम हसायला गेल्या आणि थांबल्या. "तिथे तुझ्याशी कोण बोलणार?"

"बघते."

"मग गाईड दुसरी शोध. आणि मार्कांचं मी काही सांगू शकत नाही."

त्यांनी दाराकडे बघितलं. मी बाहेर आले.

दुसरी गाईड अजून मिळालेली नाही. दोघांनी विषय ऐकून, वेळ नाही म्हणून सांगितलं. मार्क कापले जातील, कदाचित वर्षही जाईल. ते मी धरून चालले आहे. रविवारी सकाळी मी मॅडमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटायला जाणार आहे. घर बघायला आलेय, असं खोटं सांगणार नाही. विद्यार्थिनी आहे, अभ्यासाला आलेय, असंच सांगणार. तो आडनाव विचारेल. मी आडनाव सांगणार, खुर्ची ओढून बसणार, आणि पुढे तो जे काही म्हणेल ते त्याच्यादेखत, शब्द न् शब्द, लिहून घेणार.