बुदैयाची चार रोपे

नोकरीतली बरीचशी प्रकरणे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. आरोपीचा चेहरा एकातला आठवतो, मुद्देमाल दुसऱ्यातला. बहारीनमधल्या बुदैयाच्या एका बंगल्यामागे सापडलेल्या गांजाच्या चार रोपांचे प्रकरण मात्र जसेच्या तसे समोर उभे राहते. संबंधितांची नावे मी देणार नाही. त्यातली दोन माणसे अजून हयात आहेत आणि त्यांचे सोसून झाले आहे.

मी मूळचा रायगड जिल्ह्यातला, श्रीवर्धनकडचा. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलो. वडील बहारीनला बंदरावर कामाला होते, त्यांनी मला इकडे बोलावून घेतले. अरबी इथेच शिकलो, पोलीस दलात दुभाषी म्हणून लागलो आणि हळूहळू अमली पदार्थ विभागात तपासाच्या कामावर आलो. आरोपी भारतीय असला की जबाब घ्यायला मला पुढे करत. त्यात मराठी माणूस क्वचितच असे. आपली माणसे इथे बँकेत, अकाउंट्समध्ये, इंजिनियरच्या हुद्द्यावर असतात. रेसिडेन्स कार्ड हरवले तरच ती पोलीस ठाण्याची पायरी चढतात.

खबर आली ती बुदैया हायवेवरच्या एका नर्सरीवाल्याकडून. त्याच्याकडच्या केरळी कामगाराला एका गिऱ्हाइकाने झाडाचे पान दाखवून विचारले होते, की याच्या खालच्या बाजूला पांढरा किडा बसतो, काय फवारू? कामगाराने पान ओळखले आणि त्याची बोबडी वळली. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने मालकाला सांगितले, मालकाने आम्हाला फोन केला. हाती फक्त गाडीचा नंबर होता. गाडी निघाली एका मराठी इंजिनियरच्या नावावर. हा तिशीतला मुलगा हिद्दच्या औद्योगिक भागात एका कंपनीत कामाला होता आणि बुदैयाला भाड्याच्या बंगल्यात राहत होता.

आम्ही पाळत ठेवली. माल विकणाऱ्याच्या घराची एक वेगळी वर्दळ असते. गाड्या येतात, दोन मिनिटे थांबतात, जातात. इथे तसे काहीच नव्हते. मुलगा सकाळी कामावर जाई, संध्याकाळी परत येई. घरात त्याचे आईवडील होते. सून बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी गेली होती. सरकारी वकिलांकडून झडतीचा हुकूम घेतला आणि एका शनिवारी सकाळी आम्ही बंगल्यावर गेलो.

दार मुलानेच उघडले. आमचे ओळखपत्र पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. आमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी हुकूम दाखवला. आम्ही मागच्या अंगणात गेलो. कढीपत्ता, मोगरा आणि तुळस यांच्या रांगेत चार कुंड्यांमध्ये गांजाची चार रोपे होती, अगदी उघड्यावर. प्रत्येक रोपाला काठीचा आधार दिलेला आणि साडीच्या मऊ चिंध्यांनी सैलसर बांधलेले. कोपऱ्यात पाचवी कुंडी रिकामी होती आणि तिच्याशेजारी मुळासकट उपटलेले एक रोप वाळून पडले होते.

"ही कोणाची?" वरिष्ठांनी इंग्रजीत विचारले.

"माझी," मुलगा म्हणाला. मग माझ्या शर्टावरचे नाव वाचून हळूच मराठीत म्हणाला, "साहेब, तुम्ही कोकणातले ना? बाबा दूध आणायला गेलेत. आई आत झोपलीय. ते यायच्या आत मला घेऊन चला. प्लीज."

मला ही घाई खटकली. पकडला गेलेला माणूस वेळ काढतो. सबबी सांगतो, पाणी मागतो, वकील मागतो. लवकर न्या म्हणणारा आरोपी मी फार थोड्या वेळा पाहिला होता. मी त्याला घेऊन पहिल्या गाडीने निघालो. बाकीची तुकडी फोटो काढून, मुद्देमाल उचलून वडील परतायच्या आतच निघाली.

चौकशीत त्याने सगळे कबूल केले, पण त्या कबुलीत काही जीव नव्हता. बी कुठून आणले? ऑनलाइन. कोणत्या साइटवरून? आठवत नाही. कशासाठी लावले? स्वतः ओढायला. त्याची तपासणी केली, तर शरीरात नशेचा मागमूस नव्हता.

"चारच का लावलीस?" मी विचारले.

"जागा तेवढीच होती."

त्या अंगणात दोन गाड्या उभ्या राहिल्या असत्या.

"आणि पाचवं उपटलं का?"

"कोणतं पाचवं?" त्याने विचारले. पाचवे होते हेच त्याला माहीत नव्हते.

आमचे वरिष्ठ बहारीनी होते, माणूस सरळ. ते म्हणाले, "कबुली आहे, झाडं आहेत. खलास. कागद पुढे पाठव." मी त्यांच्याकडे थोडा वेळ मागून घेतला आणि नर्सरीत जाऊन त्या कामगाराला बाजूला घेतले. गाडीतून कोण उतरले होते, हे तोवर त्याला कोणी विचारलेच नव्हते.

"एक बाबा था साब, सफेद बाल," तो म्हणाला. "गाडी में लडका बैठा था, फोन पे बात करता था. बाबा बोला, कनाडा में ये कीडा नहीं होता."

मी परत आलो तर शिपाई म्हणाला, एक म्हातारा केव्हाचा बसला आहे, मोडक्या हिंदीत काय बोलतो ते कोणाला समजत नाही. बाकावर पांढरा सदरा घातलेला एक ताठ बसलेला गृहस्थ होता. हातात मुलाचा पासपोर्ट आणि कंपनीची कागदपत्रे. पोलीस मुलाला घेऊन गेले एवढेच शेजारणीकडून कळल्यावर ते दूध ठेवून तसेच निघाले होते, आणि व्हिसाची काही भानगड झाली असावी, अशी त्यांची समजूत होती. मी मराठीत बोललो तसे ते उठून उभे राहिले.

"अहो, तुम्ही मराठी! देवासारखे भेटलात. काय झालंय सांगा ना. बायकोला शेजारच्या बाईंच्या भरवशावर ठेवून आलोय."

मी त्यांना आत नेले, चहा मागवला. रीतीप्रमाणे सांगितले, की तुम्ही जे बोलाल ते लिहून घेतले जाईल. मग विचारले, "मागच्या अंगणातली ती चार रोपं कोणाची?"

"माझी," ते लगेच म्हणाले. "का? किडा पसरला का शेजाऱ्यांकडे?"

नोकरीत मी पुष्कळ नाटकी माणसे पाहिली आहेत. हे नाटक नव्हते.

हे गृहस्थ कऱ्हाडकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बायकोला कर्करोग झाला. आजार बरा झाला, पण केमोथेरपीनंतर तिच्या हातापायांच्या शिरांत आग राहिली. रात्र रात्र झोप नाही. मधली काही वर्षे दोघे मुलीकडे कॅनडात होते. तिथल्या डॉक्टरने गांजाचे तेल सुचवले. तिथे घरी रोपे लावायला कायद्याने परवानगी आहे. जवळच्या एका बागकाम मंडळाने नवशिक्यांसाठी वर्ग काढला होता, त्यात हे जाऊन बसले.

"सगळे आमच्यासारखेच म्हातारे," ते सांगत होते. "एक बाई शिकवायची. माती कशी, पाणी किती. पहिल्याच दिवशी सांगितलं, घरामागे चार. पाचवं लावलं तर गुन्हा. मी खात्यात होतो साहेब, नियमाबाहेर एक पाऊल टाकलं नाही. इथं पाच बिया टाकल्या, एखादी वाया जाईल म्हणून. पाचही उगवल्या. मग एक उपटून टाकलं."

"इथे कायदा वेगळा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"वेगळा म्हणजे? इथं दोनच लावायची का?"

मी पेन खाली ठेवले. पण सांगणे भागच होते. इथे एकही चालत नाही, हा मोठा गुन्हा आहे आणि तुमच्या मुलाने तो स्वतःवर घेतला आहे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"त्यानं? अहो, त्याला तुळशीला पाणी घालायचं लक्षात राहत नाही. लिहा, माझं नाव लिहा. बी मी आणलं. बॅगेत, ओव्याच्या डबीत."

"ओव्याच्या डबीत का?"

"रिकामी होती म्हणून."

ती डबी त्यांना फार महागात पडली. खटल्यात तिचा अर्थ लपवून आणणे असाच लावला गेला. मीही न्यायाधीश असतो तर कागदावरून तोच अर्थ लावला असता. पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता.

दोन जबाब जुळत नसले की दोघांना समोरासमोर बसवावे लागते. मुलाला आणले. वडिलांना तिथे पाहताच तो खुर्चीत बसण्याआधीच बोलू लागला, "साहेब, यांचं ऐकू नका, यांना काही समजत नाही..."

"सगळं समजतं मला," वडील म्हणाले. "तू बस."

तो बसला. वडिलांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तुला ठाऊक होतं?"

मुलगा टेबलाची कड नखाने खरवडू लागला.

"ते झाड कसलं आहे आणि इथं चालत नाही, तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच कळलं," मुलगा म्हणाला. "त्या रात्रीच सांगणार होतो. पण तुम्ही कॅनडाहून आणलेलं तेल संपत आलं होतं, पुढचं याच झाडांतून निघणार होतं, आणि त्या तेलानं आई झोपत होती, बाबा. मी ऑफिसला जाताना डोकावायचो, ती शांत झोपलेली असायची. रोज म्हणायचो, उद्या सांगू."

"मग मला का नाही सांगितलंस रे? मी उपटली असती. त्याच मिनिटाला उपटली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

वडिलांनी मान खाली घातली. त्यांना अटकेची भीती वाटलेली मला दिसली नाही. आपण नियमाने वागतो आहोत असे समजून रोज सकाळी आपण त्या झाडांना पाणी घालत होतो आणि मुलगा खिडकीतून बघत होता, हे त्यांच्या मनातून जाईना. "मला मूर्ख ठरवलंस," एवढेच ते म्हणाले. मुलगा रडू लागला. आमचे वरिष्ठ दारात उभे होते. त्यांना मराठी येत नव्हती, तरी ते आत न येता माघारी फिरले.

तपास माझ्यापुरता संपला. शाबासकीही मिळाली, कारण खोटी कबुली उघडी पडली होती आणि खरा माणूस सापडला होता. कोर्टाने वय आणि परिस्थिती पाहून शिक्षा पुष्कळ कमी केली. पण शिक्षा झाली, आणि ती भोगून झाल्यावर देशाबाहेर काढण्याचा हुकूमही झाला. मुलावर खोटा जबाब दिल्याची आणि माहिती दडवल्याची कारवाई झाली. तो तुलनेने लवकर सुटला. कंपनीने त्याला ठेवले नाही. व्हिसा गेला, आईला घेऊन तो पुण्याला परतला.

वडील तुरुंगात असताना मी त्यांना अधूनमधून भेटत असे. तसा काही नियम नव्हता, पण तिथे त्यांच्याशी मराठी बोलणारे दुसरे कोणी नव्हते. ते कधी तक्रार करत नसत. विचारत फक्त बायकोचे. मुलगा माझ्या फोनवर निरोप ठेवी आणि मी तो पोचवत असे. आई बरी आहे, आई जेवते, आई तुमची आठवण काढते.

मग एक दिवस मुलाचा फोन आला. आई गेली होती. आजार परत उलटला होता, हे त्याने कित्येक आठवडे कळवलेच नव्हते.

"साहेब, बाबांना सांगा, झोपेत गेली म्हणून," तो म्हणाला. "शेवटचे दिवस फार वाईट गेले. रात्रभर ओरडायची. ते नका सांगू."

मी तुरुंगात गेलो. त्यांना कार्यालयात आणून बसवले. मी पत्नीचे नाव घेतले तेवढ्याने त्यांना कळले. त्यांनी विचारले, "झोपेत गेली का हो?"

मुलाने सांगितलेले वाक्य माझ्या तोंडाशी आले होते. बोललो असतो तर कोणाचे काही बिघडले नसते. पण याच माणसाला चौकशीच्या टेबलावर जो घाव बसला होता, तो मी डोळ्यांनी पाहिला होता. मी म्हणालो, "नाही. त्रास झाला. बरेच दिवस झाला. मुलगा शेवटपर्यंत जवळ होता."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. रडले नाहीत.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "घरचे कोणी सांगणार नाहीत मला."

मी बरोबर केले की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या रात्री त्यांनी काय भोगले असेल याचा विचार आला की वाटते, खोटे बोलायला हवे होते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. परदेशी येणाऱ्याने तिथला कायदा विचारून घ्यावा, हे तर कोणीही सांगेल. मी त्यांना दुसरेच सांगतो. आपल्याकडे येणाऱ्या आरोपींत वाईट माणसे असतात, लोभी असतात. पण काही घरे नुसत्या न बोलण्याने आपल्या दारात येतात. मुलगा आईसाठी गप्प, बापासाठी खोटा. त्याला कोणाचेही वाईट करायचे नव्हते. पहिल्या दिवशी त्याने अंगणात जाऊन एक वाक्य म्हटले असते, तर बापाने रोपे उपटली असती, आईने काही रात्री जागून काढल्या असत्या, आणि शेवटच्या रात्री नवरा तिच्या उशाशी असता.

शिक्षा संपल्यावर त्यांना विमानतळावर पोचवायला मी मुद्दाम गेलो. पहिल्यापेक्षा वाळले होते, पण चालणे तसेच ताठ. मुलगा मुंबईला उतरवून घ्यायला येणार होता.

"त्याला निरोप देऊ का?" मी विचारले.

"फोन लावून द्या. मीच बोलतो."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी मुलाला विमान किती वाजता पोचते ते सांगितले. मग म्हणाले, "आता तिचं सगळं सांग. पहिल्यापासून. काही गाळू नको."

पलीकडून तो बोलू लागला. ते उभ्या उभ्या, फोन कानाला घट्ट धरून ऐकत होते. मधे एकदा त्यांनी डोळे मिटले, पण फोन खाली घेतला नाही. शिपायाने घड्याळाकडे पाहिले आणि "यल्ला", चला आता, म्हणाला. मी त्याला हाताने थांबवले.