भुरीची सूट

आप्पांनी मला फसवलं. एकदा नाही, अकरा हंगाम. मी फळांची टोपली घेऊन फुटपाथवर बसायचे तेव्हापासून आज इंदिरानगरात स्वतःचं दुकान होईपर्यंत मला कुणी नासकं फळ गळ्यात मारू शकलं नाही, पण या माणसाने फसवलं.

दिंडोरीकडे त्यांची द्राक्षबाग. भाव सांगायचा आणि पाठ फिरवून घड न्याहाळत बसायचं, ही त्यांची खोड. मी मण्यांवरची पांढरी झाक दाखवून तोंड सोडायचे, "आप्पा, भुरी आहे ही. बुरशीचा माल मला देता?"

आप्पा सुस्कारा टाकायचे. "तुमची नजर लय बारीक, ताई. घ्या कमी करून."

मग घडाच्या टोकाचा मणी माझ्या हातावर ठेवायचे. "टोकाचा गोड तर आख्खा घड गोड." तो गोडच असायचा. मी सूट मिळवल्याच्या ऐटीत क्रेट भरायचे आणि बाजारभर सांगायचे, भुरी ओळखावी तर मीच.

यंदा ढगाळ हवा लांबली. गिऱ्हाइकांना आप्पांच्या द्राक्षांचा शब्द देऊन बसलेली मी बागेत गेले, तर घड राखेत लोळवल्यासारखे.

"द्या, धुऊन विकते," मी म्हटलं. "खाऊन माणूस मरतो का?"

"मरत नाय. पुसून मी बी खाल्लीत. पण चव जाती, मणी तडकतो, तडकलेल्यात दुसरी बुरशी शिरती. तसला मणी टाकूनच द्यायचा. आन् परवाच औषध मारलंय. भुरीपरीस त्याला भ्या. लेकरं खात्यात तुमच्याकडची."

"मग अकरा वर्षं खाऊ घातली ती?"

आप्पांनी कोपऱ्यातल्या वेलीचा एक निरोगी घड तोडला आणि अंगठ्याने पुसला. खाली स्वच्छ हिरवा मणी. मग रोगट घड पुसला. खाली तपकिरी जाळी.

"ही पहिल्या घडावरची झाक द्राक्षाची सोताची. हात न लागल्याची खूण. ती भुरी नव्हं."

"मग सूट कशाची देत होतात?"

"भांडल्याबगर तुमी माल उचलत नाय. म्हणून भाव आधीच तेवढा चढवून सांगायचो."

मी बागेत उभी राहून त्यांचा उद्धार केला. आप्पा मान डोलवत तो निरोगी घड न्याहाळत होते. शेवटी मी म्हटलं, सांगाल त्या भावाने द्या.

"आज तुमी घासाघीस करत नाय," ते म्हणाले, "म्हंजे माल तुमाला बी पटला नाय." एकही क्रेट दिला नाही.

महिन्याभरात त्यांनी बाग उपटली आणि मका लावला. मला कळवलंसुद्धा नाही. आता मी दुसऱ्यांकडून द्राक्षं घेते, प्रत्येक घड अंगठ्याने पुसून. "भुरी आहे," म्हटलं की ते म्हणतात, "नको तर ठेवा." भांडणात गोडीच नाही. टोकाचा मणी तर कुणी देतच नाही.

आप्पा, अकरा वर्षं भांडायची सवय लावलीत आणि बाग काढून मोकळे झालात. मक्यावर मी कसली भुरी दाखवू? फोन उचला आणि जाब द्या.