अमेरिकेचा आठ नंबर

"गुडघ्यावर बस. उभ्यानं कुणी पायाचं माप घेतं का?"

कंपनीच्या कँटीनमध्ये, सदतीस कामगारांसमोर, सेफ्टी ऑफिसर मला म्हणाले. सकाळची शिफ्ट नुकतीच लागली होती. सगळ्यांसाठी नवे सेफ्टी बूट मागवायचे होते. टेबलं भिंतीला सरकवलेली. मधे एक प्लास्टिकची खुर्ची, खाली खाकी कागदाचा गठ्ठा, पेन्सिल, स्टीलची पट्टी.

मी चाकणच्या त्या कारखान्यात क्वालिटीला ट्रेनी आहे. डिप्लोमा केलाय. गाड्यांचे सुटे भाग मोजते. व्हर्निअरवर, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंत.

"सर, हे काम स्टोअरचं आहे," मी म्हणाले.

ते हसले. "तुझे वडील चिखलीच्या चौकात बसतात ना? चपला शिवतात. मग तुझ्याइतकं माप कुणाला कळणार? रक्तातच आहे तुमच्या. अगं, कौतुक करतोय मी."

मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "बसा ना ताई, चहा थंड होतोय राव."

मी बसले. हेही लिहायचंच आहे. कुणी मला ढकललं नाही. ट्रेनिंगचे तीन महिने उरले होते, त्यानंतर कायम करण्याचं पत्र निघणार होतं, आणि ते पत्र याच माणसाच्या शेऱ्यावर निघणार होतं. म्हणून मी बसले.

एकामागून एक पाय समोर आले. मोजे काढलेले, न काढलेले. काहीजण माझ्याकडे न बघता पाय पुढं करत होते. काहीजण मुद्दाम बघत होते. एकानं अंगठा हलवून दाखवला. "गुदगुल्या होतात ओ." पुन्हा हशा.

मग दत्तूमामा आले. मामा प्रेसचे जड साचे, म्हणजे डाय, ओढणाऱ्या ट्रॉलीवर काम करतात. इथल्याच जुन्या गावातले. कंपनीच्या पार्किंगच्या जागी पूर्वी त्यांचा कांदा असायचा. ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"पोरी, दे ती पेन्सिल इकडं."

"मामा, मी घेते ना."

"न्हाई. माझा पाय लागंल तुला." ते माझ्यासमोर खाली बसले. वाकून स्वतःच्या पायाभोवती रेघ ओढू लागले. "पेन्सिल कशी धरायची ते तेवढं सांग."

साहेबांनी घड्याळ बघितलं.

पेन्सिल कशी धरायची ते मला लहानपणापासून माहीत आहे. सरळ, उभी. आत कलली की पाय कागदावर लहान होतो. माणसाला उभं करायचं, दोन्ही पायांवर भार हवा. दोन्ही पाय मोजायचे, मोठा धरायचा. आणि माप घ्यायचं संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाय फुगतो. सकाळचं माप खोटं असतं. अण्णा, माझे वडील, तरुणपणी परदेशात जाणारा माल बनवणाऱ्या बुटांच्या कारखान्यात होते. त्यांच्या पेटीच्या झाकणाला आतून एक तक्ता चिकटवलेला आहे. आपला नंबर, युरोपचा नंबर, अमेरिकेचा नंबर, आणि सगळ्यांत आधी सेंटिमीटर. अण्णा म्हणायचे, "आधी सेंटिमीटर लिही. नंबर देशागणिक बदलतो, नंतर भांडण नको."

मापं ते पत्रकांच्या पाठीवर घ्यायचे. मोर्चाची, संपाची, जयंतीची पत्रकं. एका बाजूला गिऱ्हाइकाचं पाऊल, दुसऱ्या बाजूला छापलेलं आवाहन. मी वाचायला शिकले ते त्या दुसऱ्या बाजूवर.

आणि त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकानं बूट महिनाभर घालून चालेपर्यंत मापाचा कागद फेकायचा नाही. पावलाच्या आत त्याच्याच हातानं नाव लिहून घ्यायचं.

मी तेच केलं. सदतीस कागद, सदतीस नावं. दत्तूमामांच्या कागदावर लिहिलं: सव्वीस पूर्णांक सात. आपला आठ. युरोपचा बेचाळीस. अमेरिकेचा नऊ.

साहेब फक्त 'आपला' नंबर यादीत उतरवत होते. समोर छापील ऑर्डर फॉर्म होता. मी वाचला. वर स्पष्ट लिहिलं होतं, अमेरिकन माप.

"सर, या फॉर्मवर एक नंबर वाढवून लिहावा लागेल. आपला आठ म्हणजे त्यांचा नऊ. आणि एकदा संध्याकाळी मापं घेऊ या, सकाळी पाय—"

"तू शिकवणार का मला?" आवाज चढला नव्हता. उलट मऊ होता. "आठ म्हणजे आठ. कागद फेकून दे आणि हात धू साबणानं."

मी हात धुतले. कागद फेकले नाहीत.

तीन आठवड्यांनी खोकी आली. पुढे पोलादी टोपी असलेले काळे बूट. प्रत्येकाला एकेक नंबर लहान. मामांनी पाय आत घातला आणि डोळे मिटले.

"बदलून मिळंल का?"

"घालून घालून सैल होतात," साहेब म्हणाले. "चामडं आहे."

चामडं सैल होतं. पोलाद होत नाही. मी तिथंच हे म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी लोकांनी टाचा मोडल्या. बुटाची मागची भिंत खाली दाबून त्यावरच टाच ठेवायची, चपलेसारखा बूट ओढत चालायचं. दुसरा उपाय नव्हता, बुटाशिवाय आत सोडत नव्हते. शॉप फ्लोअरवर आवाज सुरू झाला. फटक, फटक. प्रेसच्या दणक्यांमधून तो आवाज मला ऐकू यायचा. मोजताना आकडा विसरायला व्हायचं. कुणी ट्रॉली ओढत गेलं की मी मान वर करायचे. आवाज पुढं गेला की पुन्हा खाली.

दत्तूमामांना मी म्हणाले, "मामा, ट्रॉलीवर नका जाऊ असे."

"मग कुणी जायचं? तुझा साहेब?" ते हसले. "पोरी, ह्यो बूट मी पायात घालायचा, पन त्योच मला पायाखाली घालतोय."

त्या मंगळवारी आवाज थांबला.

आधी फटक, फटक. मग काहीच नाही. मग ओरडणं. मी पोचले तेव्हा ट्रॉली तिरकी उभी होती. वर डाय. मामा जमिनीवर, दोघांनी धरलेले. आणि त्यांच्यापासून हातभर लांब तो बूट. रिकामा. पोलादी टोपी शाबूत, तिच्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता. पाय बाहेर होता.

चाकाखाली दोन बोटं गेली.

संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. दोन वाक्यं. कामगारानं बुटाची टाच मोडून नियमभंग केला. बुटांची मापं मी घेतली आणि नंबर लिहिण्यात माझी चूक झाली.

"सही कर," साहेब म्हणाले. "ट्रेनीची चूक आहे, कोण लक्षात ठेवतंय? पुढच्या महिन्यात तुझं पत्र काढतो. सही नाही केलीस तर माझा शेरा वेगळा असेल. समजतंय ना?"

समजत होतं. माझी सही झाली की दत्तूमामांची बोटं मामांच्याच चुकीनं गेली. आणि उरलीसुरली चूक माझी.

मी पेन उचललं नाही.

खुर्ची मागं सरकवून त्यांनी स्वतःचा बूट काढला. पाय पुढं केला. "बरं, विचार कर. तोवर माझं माप घे. मलाही नवीन जोड मागवायचाय. बस खाली."

केबिनच्या काचेपलीकडे लोक बघत होते. त्या सकाळी कँटीनमध्ये बघत होते तेच.

"नाही," मी म्हणाले.

"काय?"

"बसणार नाही. सहीही करणार नाही. पट्टी तिथं आहे, तुमचं तुम्ही मोजा. आणि सेंटिमीटरमध्ये लिहा."

त्यांच्या पायात मोजा होता. अंगठ्याजवळ फाटलेला. तो पाय तसाच हवेत राहिला. माझ्या आडनावावरून माझी जागा ठरवणारा माणूस एवढाच होता.

रविवारी मी दत्तूमामांच्या घरी गेले. सोबत अण्णा होते, पेटी घेऊन. मामा ओट्यावर पट्टी बांधून बसले होते.

"आता कुठला नंबर लागंल मला?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी पेटी उघडून कागद काढला. मी गुडघ्यावर बसले. कुणी सांगितलं नव्हतं. खाली कागद ठेवला. संध्याकाळ होती. मामांनी माझ्या खांद्यावर हात टेकून पायावर जेमतेम भार दिला. जखमेच्या पट्टीला लागू न देता मी पेन्सिल सरळ धरून रेघ ओढली. पुढं जिथं बोटं होती तिथं रेघ आत वळली. मामांनी आत नाव लिहिलं. आधीच्या कागदावर लिहिलं होतं तसंच, वाकडं.

दोन्ही कागद शेजारी ठेवले. अण्णांनी चष्मा काढला.

अजून छत्तीस जण टाचा मोडून चालताहेत. काल पुन्हा ऐकला तो आवाज. त्यातला एक पोरगा आता मामांच्या ट्रॉलीवर आहे. त्याचा नंबर आपला नऊ, पायात अमेरिकेचा नऊ. त्याचा कागद माझ्याकडे आहे. सगळ्यांचे आहेत.

दोन संच झेरॉक्स करून घेतलेत. एक कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात देऊन पोच घेईन. दुसरा उद्या पहिल्या शिफ्टच्या आधी गेटसमोरच्या भिंतीला लावणार आहे. सदतीस पावलं, सदतीस नावं, आणि शेवटी ते अडतिसावं पाऊल. खाली मापं घेणारीचं नाव, आडनावासकट, मोठ्या अक्षरात.

माझं पत्र निघणार नाही, हे मला माहीत आहे. ते भिंतीवरून कागद फाडतील, हेही माहीत आहे.

कागद चिकटवायची खळ मी भांडंभर शिजवली आहे. झेरॉक्सवाल्याला अजून प्रती लागतील असं सांगून ठेवलंय. मूळ कागद मी कुणाच्या हातात देणार नाही. जितक्या वेळा फाडतील तितक्या वेळा येईन.