यंत्र धुऊन होईपर्यंत

विद्यापीठात रसायन विभागाच्या मागे एक बुटकी इमारत आहे. तिथली महागडी यंत्रं कुणा एकाची नाहीत. ज्याला हवं त्याने वेळ ठरवावी, नमुना आणावा, उत्तर घ्यावं आणि चालू लागावं. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे. ते कुणी घेत नाही. सगळे 'कॉमन लॅब' म्हणतात, आणि ती चालवणाऱ्या बाईंना 'ताई'.

एमएस्सीनंतर ताईंनीही संशोधनाला सुरुवात केली होती. पण एकाच प्रश्नाशी वर्षानुवर्षं संसार करणं आपल्याला जमायचं नाही, हे लवकरच लक्षात आलं आणि त्यांनी ते सोडलं. हळहळले ते नातेवाईक. ताईंना इथे रोज नवा प्रश्न भेटतो. शोध दुसऱ्याचा असला तरी उत्तर आधी त्यांनाच दिसतं. सासूबाई अजून म्हणतात, "एवढं शिकून लोकांची दळणं दळतेस!"

"हो, आणि एकाचं पीठ दुसऱ्याला दाखवत नाही," ताई म्हणतात.

तो तिथला पहिला नियमच आहे. एका वर्षी त्याच नियमाने त्यांचा जीव खाल्ला.

जंतूवाल्या सरांनी बुरशीतून एक पदार्थ काढला होता. जखमा चिघळवणारा चिवट जंतू त्याने मरत असे. पण पाण्यात विरघळेल तर शपथ! मग रक्तात सोडणार कसा? सर म्हणाले, "ताई, हे शेवटचं. याही वेळी तळाशी बसला तर बाटलीला बूच लावतो आणि गप शिकवायला लागतो." तो तळाशी बसला.

त्याच आठवड्यात रसायन विभागाच्या वरच्या मजल्यावरच्या मॅडम आल्या. पाण्याशी वैर असलेलं औषध पोटात घेऊन फिरतील असे बारीक थेंब त्यांनी बनवले होते. अजून कुठे छापलं नव्हतं. मोजमाप झकास आलं, पण थेंबांत भरलेला होता नुसता रंग. "डबा तयार आहे हो, जेवण कुठाय?" मॅडम करवादल्या.

आणि ही दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत. कशावरून, तर सामान ठेवायच्या एका खोलीवरून. डॉक्टरेट मिळवलेली माणसं!

सांगावं, तर उद्या विश्वासाने नमुना कोण देईल? न सांगावं, तर औषध बाटलीतच राहणार. ताईंचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी सरांनी बाटली कपाटात टाकण्याआधी एकदा तपासायला आणली, तेव्हा त्यांनी लागूनची वेळ मॅडमना दिली. एरवी मधे मोकळा तास ठेवत, कारण सरांचा पदार्थ नळ्यांना चिकटून बसे आणि धुताना नाकी नऊ येत.

"अजून धुतंय, बसा," ताई मॅडमना म्हणाल्या.

"कुठे? तिथे?"

"दुसरा बाक नाही."

उत्तराच्या कागदाची वाट पाहणाऱ्या सरांनी पिशवी वीतभर सरकवली. मॅडम बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या आणि घड्याळ पाहू लागल्या.

"काय चिकटवून ठेवलंत हो यंत्रात?" मॅडमच आधी फुटल्या.

"विरघळत नाही, त्याला मी काय करू?"

"अजिबात नाही?"

"जखमेवर मीठ चोळू नका."

"अहो, चोळत नाहीये, विचारतेय! तेलात जातो का?"

काचेच्या दारापलीकडे ताईंनी स्वच्छ झालेलं यंत्र पुन्हा धुवायला घेतलं.

पावसाळा सरता सरता दोघं एकच नळी घेऊन आली. आतलं पाणी नितळ होतं आणि तळाशी काही नव्हतं. जनावरं, मग माणसं, मग परवानग्या, पुढची वाट लांबच होती. पण पदार्थ रक्तद्रवात तासन्‌तास टिकला, हे ताईंनी सगळ्यांच्या आधी पाहिलं.

"उद्याच पुन्हा मोजायचंय," मॅडम म्हणाल्या.

"उद्या जागा नाही. गुरुवारी."

"ताई, तुम्हाला याचं महत्त्व कळत नाहीये!"

"अगदी बरोबर बोलताय मॅडम," सर तावातावाने म्हणाले.

"गुरुवारी," ताई म्हणाल्या, आणि हसू दिसू नये म्हणून पडद्याकडे वळल्या.