वायसरभाऊंच्या घरचा गळका नळ

आमच्या शेजारी नळाची कामं करणारे जे गृहस्थ राहतात, त्यांना अख्खी गल्ली वायसरभाऊ म्हणते. वायसर म्हणजे तोटीतली रबरी चकती. ती झिजली की नळ गळतो, आणि नळ गळला की भाऊंचं डोकं फिरतं. कुणाकडे चहाला गेले तरी हा माणूस आधी मोरीत डोकावणार, एकेक तोटी पिळून बघणार, मगच खुर्चीला टेकणार. घरी वहिनींच्या मागे तर दिवसभर एकच भुणभुण: "तोटी नीट बंद केलीस का? अजून पीळ. अजून." वहिनींचा सगळा संसार नळ पिळण्यात गेला. त्यांच्या जागी मी असते तर भाऊंनाच पिळलं असतं.

मध्यंतरी वहिनींची पायरी चुकली आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. त्यांचा पलंग मागच्या खोलीत, खिडकीशी लावला. या बाई म्हणजे भिंतीपलीकडून माझ्याशी बोलायला लागल्या की माझी भाजी करपायची. त्या एकदम गप्प झाल्या. मी भेटायला जायचे तर नुसतं "हं." ताट अर्धं तसंच परत. भाऊंचा जीव खालीवर व्हायला लागला.

"ताई, ही भिंतीकडे तोंड करून पडते हो," मला म्हणाले. "काल एकदाच बोलली. म्हणाली, खिडकीत दोन पाखरं आली असती तर तेवढाच वेळ गेला असता."

झालं. भाऊंनी ते काम अंगावर घेतलं. खिडकीसमोर लोखंडी स्टँडवर जुनं बेसिन बसवलं. पाखरांना पाय टेकवता यावेत म्हणून त्यात दगड रचले. वर कोरा करकरीत नळ. शेजारी पाइप उभा करून, त्याला खाली तोंड ठेवून, त्यात दाणे भरले. सगळं अगदी ओळंब्यात. सांध्यातून टिपूसही गळत नव्हता, हे त्यांनी मला हात फिरवून दाखवलं.

पाखरू म्हणाल तर एक आलं नाही. मांजर आलं. ते पाणी प्यालं आणि बेसिनच्या काठावर बसून त्याने वहिनींकडे पाठ केली.

पाखरं होती कुठे, तर माझ्या अंगणात. माझा मागचा नळ कधीपासून ठिबकत होता. मी तो भाऊंपासून बादलीआड लपवला होता, कारण एकदा पाना काढला की हे घरातले सगळे नळ खोलून बसतात. त्या थेंबाखाली चिमण्या आंघोळी करायच्या, साळुंक्या भांडायच्या, आणि नंतर सगळी मंडळी माझ्या धुतलेल्या चादरींवर वाळायला बसायची. मी चादरी दोनदा धुवायचे आणि तोंडाने जे यायचं ते बोलायचे.

एक दिवस भाऊंनी भिंतीवरून डोकावून हे सगळं बघितलं. चेहरा असा, की जणू मी त्यांची पाखरं पळवून आणली होती.

"ताई, तुमचा नळ गळतोय!"

मी हो-नाही म्हणायच्या आत पाना घेऊन हजर. नवा वायसर घातला, तोटी आवळली, थेंब बंद. मी चहा विचारला तर थांबलेसुद्धा नाहीत. मी काय ओळखत नाही? ही शेजारधर्माची दुरुस्ती नव्हती, शुद्ध जळफळाट होता. माझ्याकडचं पाणी तोडलं की पाखरं झक मारत त्यांच्याकडे येतील, असा हिशोब.

पाखरं दोन्हीकडून गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा माझ्या दारात, मान खाली. "ती म्हणाली, कालपर्यंत पलीकडून पाखरांचा आवाज तरी येत होता. तोही बंद झाला." मग हळूच, "ताई, तुमचा नळ परत गळता करून देऊ का?"

"अजिबात नाही! चादरी तुम्ही धुणार का? एवढा पुळका असेल तर स्वतःचा गळवा!"

रागाच्या भरात बोलून गेले. भाऊ असे बघायला लागले, की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलं होतं. पण गेले. भिंतीआडून मी बघत होते. त्यांनी नव्या नळातला वायसर काढला, झिजका घातला. थेंब पडला, टप. लगेच त्यांचा हात पुढे झाला आणि तोटी आवळली. पुन्हा सैल केली, पुन्हा आवळली. मला हसू आवरेना. शेवटी त्यांनी पाना भिंतीवरून माझ्या हातात दिला.

"हा तुमच्याकडे ठेवा. मी मागितला तरी देऊ नका."

आणि दोन्ही हात खिशात घालून घरात गेले.

त्याच दुपारी वहिनींची हाक ऐकू आली, "अहो, आली! आली!" मला, खोटं कशाला सांगू, रडू आलं.

मग काय विचारता! वहिनींच्या तोंडाची टकळी सुरू झाली. सगळ्यांना ढकलून मधोमध बसणारी साळुंकी म्हणजे त्यांची नणंद. पाण्यात एक पाय घालून विचार करत उभा राहणारा बुलबुल म्हणजे भाऊ. खिडकीतून सगळी बातमी मला ओरडून सांगायच्या. माझी भाजी पुन्हा करपायला लागली. आणि पाखरं वाळायला माझ्याच चादरींवर.

भाऊंचे मात्र हाल. गिऱ्हाइकं मागच्या दारी यायची, थेंब बघायची आणि म्हणायची, "काय भाऊ, तुमच्याच घरी?" पाखरांसाठी आहे, असं सांगितलं असतं तर सुटले असते. पण ते सांगायचीही त्यांना लाज वाटायची.

प्लास्टर निघालं त्या दिवशी वहिनी वॉकर धरून मागच्या अंगणात आल्या. मी भिंतीशी होते. कुणी एक नवं गिऱ्हाईक आपला फुटका पाइप हातात घेऊन दारात उभं होतं. वहिनी सावकाश बेसिनपाशी गेल्या, आणि इतक्या वर्षांची सवय, हात नळावर गेला. पिळला. अजून पिळला. थेंब थांबला.

"अगं, उघड!" भाऊ ओरडले. "गळू दे तो! गळू दे!"

गिऱ्हाइकाने पाइप खाली ठेवला. वहिनी तोटीवर हात तसाच ठेवून वळल्या.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

भाऊंनी गिऱ्हाइकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा म्हणाले.