हिंदुरावांची बिनआवाजी होडी

तुळजाबाईंना पोहता येत नव्हतं आणि होडीत बसायची हौसही नव्हती. पण खडकवासल्याच्या पाण्यावरच्या त्या एका इंजिनाचा आवाज त्या लाखात ओळखत. त्यांचे यजमान हिंदुराव यांनी काठची जमीन बिल्डरला दिली, उरलेल्या तुकड्यावर बंगला बांधला आणि कोकणातून जुनी शिडाची होडी आणली. ती पाण्यात घालायची परवानगी कशी मिळवली, हे विचारायची गावात कोणाची छाती नव्हती. दुपारी ते शीड उभारून जात. संध्याकाळी वारा पडला की डिझेल इंजिन लावून परतत. ते इंजिन असं धडधडे, की पार पलीकडच्या वळणापासून ऐकू येई.

होडी काठाला लागेपर्यंत तुळजाबाई फोन ठेवून चुलीपाशी पोचलेल्या असत. फोनवर असे राजनंदिनी, त्यांची एकुलती लेक. तिने जातीबाहेर, आयुषशी लग्न केलं, तेव्हा हिंदुरावांनी तिच्या नावाने अंघोळ केली आणि बायकोला बजावलं, "तिच्याशी बोललीस, तर तुझ्या नावानं बी करीन."

एकदा होडीवर आलेला पाहुणा हसून म्हणाला, "हिंदुराव, होडी हाय का पिठाची गिरणी?" हिंदुरावांना ते झोंबलं. दुसऱ्याच दिवशी खडकीहून अनिरुद्ध मेकॅनिक आला. इंजिनाखालचं रबर दगडासारखं झालं होतं, ते त्याने बदललं. इंजिन आणि पाण्याखालच्या पंख्याचा दांडा एका रेषेत आणला, पंख्यात गुंतलेलं शेवाळ काढलं, काळाकुट्ट एअर फिल्टर फेकून नवा बसवला. मग इंजिनाभोवतीच्या पेटीला आतून फोम आणि जाड रबर लावलं. पेटी बंद केल्यावर इंजिन गुदमरायला लागलं, तेव्हा हवेला आडवळणाची वाट काढून दिली.

चहा देताना तुळजाबाईंनी हळूच विचारलं, "थोडा तरी आवाज राहील ना?"

"काकू, तो जावा म्हणून तर बोलावलंय मला! साहेब दारात आले तरी कळायचं नाही तुम्हाला."

तेव्हापासून त्या बाहेरच्या ओट्यावर पाण्याकडे तोंड करून फोनवर बोलत. पण राजनंदिनीचे दिवस भरत आले होते, आणि त्या दिवशी ती रडत होती. तुळजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तो खाली घेतला, तर हिंदुराव पायरीवर उभे होते.

त्यांनी हात उगारला नाही. "चल," म्हणाले, "चक्कर मारून येऊ."

होडी मधल्या पाण्यात नेली. इंजिन चालू होतं, पण नुसतं गुणगुणत होतं. हिंदुरावांनी तुळजाबाईंच्याच फोनवरून लेकीचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि काय बोलायचं ते कानात सांगितलं.

"नंदे," तुळजाबाई म्हणाल्या, "पुन्हा फोन करू नकोस. तुझं मूल आमच्या दारात आणू नकोस."

 पलीकडून राजनंदिनीने विचारलं, "आई, बाबा शेजारी आहेत का?"

हिंदुरावांनी मानेनेच नाही म्हणून खुणावलं.

"नाहीत. घरी एकटीच आहे मी."

फोन कट झाला. हिंदुरावांनी तो खिशात टाकला आणि इंजिनाच्या पेटीवर थाप मारली. "मेकॅनिक पोरगं कामाचं निघालं. इंजिन आता डिझेल बी कमी खातंय."

मुलगी झाल्याचं तुळजाबाईंना भावजयीकडून कळलं. हिंदुराव लग्नाला परगावी गेले, तेव्हा बसने त्या सदाशिव पेठेत लेकीच्या फ्लॅटवर गेल्या. दारातच सगळं खरंखरं सांगून टाकलं, होडीसकट.

राजनंदिनीने ऐकून घेतलं. मांडीवरच्या बाळाच्या अंगावरून हात फिरवत ती म्हणाली, "मग तेव्हा खोटं बोललीस, की आत्ता?"

तुळजाबाई आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "मी... मी घाबरले होते गं."

"हो ना. उद्याही घाबरशील."

आयुषने पाणी आणून दिलं. बाळाला घ्या, असं कोणी म्हटलं नाही, आणि मागायचा धीर त्यांना झाला नाही. पाणी पिऊन त्या उठल्या. आयुष खालपर्यंत आला, रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगून, त्यांच्याकडे न बघता, जिना चढून गेला.