मागच्या बाकावरचा मत्थिया

माझ्या मामाला सगळी गल्ली मत्थिया म्हणायची. लोकांनी ते नाव चिडवायला ठेवलं होतं, पण मामाला त्याचा भारी अभिमान.

मत्थिया म्हणजे येशूच्या बारा शिष्यांमधला तेरावा. यहूदानं दगा दिला, मग स्वतःचा जीव घेतला आणि बारांतली एक जागा रिकामी झाली. तेव्हा बाकीच्यांनी दोघांची नावं पुढे केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. त्यानंतर बायबलमध्ये त्याचा पत्ताच नाही. कुणी म्हणतं, तो माणसं खाणाऱ्यांच्या देशात गेला आणि सुखरूप परत आला. कुणी म्हणतं, त्याला दगडांनी मारलं, कुणी म्हणतं कुऱ्हाडीनं. चित्रांत त्याच्या हातात कुऱ्हाड असते म्हणून सुतार त्याला आपला मानतात, आणि मामा सुतार.

"पहिल्या दिवसापासून बरोबर होता बिचारा," रंधा न थांबवता तो मला सांगायचा. "चालला तेवढाच, उपाशी राहिला तेवढाच. पण बारांत नाव नाही. कधी कुरकुर केली? नाही!"

"केली असेल हो," मामी आतून ओरडायची. "कुणी लिहून ठेवली नसेल."

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूनं शिष्यांचे धुतले तसे. त्या बारा जणांची नावं चिठ्ठ्या टाकून काढतात. त्यांच्या खुर्च्या मामानंच केलेल्या, फादरांच्या कंबरेचा विचार करून जरा उंच. पण मामाची चिठ्ठी जन्मात कधी निघाली नाही. ऐनवेळी कुणी आलं नाही तर हाताशी असावा म्हणून त्याला दरवर्षी मागच्या बाकावर बसवत, आणि दरवर्षी झाडून सगळे हजर! तरी हा गडी दुपारपासून टाचा घासायचा, नखं कापायचा, नवे मोजे घालायचा.

"बदली खेळाडूचे पाय बघा कसे चकचकीत," मामी म्हणायची. पण ते मोजे आठवणीनं तीच आणून ठेवायची. एकदा त्या खुर्चीत बसायला मिळावं, एवढीच त्या माणसाची हौस. मला त्याच्यासाठी वाईट वाटायचं आणि त्या चिठ्ठ्यांचा संताप यायचा.

त्या वर्षी शेवटच्या खुर्चीसाठी बेकरीवाल्याचं नाव निघालं. तिला लोक यहूदाची खुर्ची म्हणत, एरवी आपलं गमतीनं. पण बेकरीवाल्यानं नुकतंच स्वतःच्या थोरल्या भावाला पोलिसांच्या ताब्यात दिलं होतं. भाऊ दारू पिऊन म्हाताऱ्या आईवर हात उचलायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी "सख्ख्या भावाला?" म्हणत अर्ध्या गल्लीनं त्याचा पाव घेणं सोडलं. खुर्ची बरोबर माणसाला मिळाली, असंही कुणीतरी त्याला ऐकू जाईल असं बोललं. माणसं इतकी दुष्ट का होतात, मला कळत नाही.

त्या संध्याकाळी अकरा जण येऊन बसले आणि शेवटची खुर्ची तशीच राहिली. फादरांनी थोडी वाट पाहिली, मग मागे बघून मामाला मानेनं खूण केली. मामीनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मामानं बूट काढले, मोजे खिशात कोंबले आणि अनवाणी निघाला. खुर्चीशी पोचला, तिच्या पाठीवर हातही ठेवला. तिथून त्याला बाजूच्या उघड्या दारातून बेकरीवाला दिसला. तो बाहेर भिंतीला टेकून उभा होता, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात काढलेले बूट. आला होता बिचारा, पण आत यायचा धीर होत नव्हता.

मामा तसाच बाहेर गेला. काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही. दंडाला धरून त्याला आत आणलं, खांदे दाबून खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागच्या बाकावर येऊन मोजे चढवू लागला. फादर पाय धुवायला वाकले, तेव्हा बेकरीवाला लहान मुलासारखा रडत होता.

घरी पोचेपर्यंत मामीनं दम धरला, मग भडकलीच. "देवानं ताट वाढून पुढ्यात ठेवलं आणि तुम्ही ते उचलून दुसऱ्याला दिलंत! मोठे आले मत्थिया! मत्थिया बसला होता त्या जागेवर, माहीत आहे ना?"

"बसला, कारण यहूदा मेला होता गं," मामा म्हणाला. "तो जिवंत असता आणि असा दाराबाहेर उभा असता, तर मत्थिया बसला असता का?"

मामी आत गेली आणि बऱ्याच वेळानं गरम पाण्याचं घमेलं घेऊन बाहेर आली.

"मोजे काढा."

"अगं, पाय स्वच्छच आहेत."

"माहीत आहे मला," मामी खाली बसत म्हणाली. "गप्प बसा."